बाण कुठे लागला असता?

मिनेसोटात वाढलेला माझा बारा वर्षांचा भाचा सुट्टीला चऱ्होलीला आला होता. तिकडे तो वडिलांकडून हरणाची शिकार शिकतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर काळविटावर बाण तर सोडाच, दगडही उगारता येत नाही. मग वाघेश्वराच्या देवळाच्या ओट्यावर बसून मी त्याला शिकार सांगितली ती कालिदासाच्या 'शाकुंतला'तली.

पहिला अंक. भरधाव रथ, पुढे काळवीट. मान वळवून वळवून ते रथाकडे बघतंय. धापेनं उघडलेल्या तोंडातून अर्धवट चावलेले दर्भ वाटेवर सांडतायत. बाणाच्या धास्तीनं मागचं अंग पुढच्या अंगात आखडून घेतलंय...

"मामा, मागून? तेही पळत्यावर? हा शॉट घ्यायचाच नाही!"

त्याचा धडा सरळ आहे. जनावर आडवं उभं हवं. नेम खांद्याच्या लगेच मागे, कारण काळीज आणि फुप्फुसं तिथं. मागून मारलं तर घाव मांडीत बसतो, जनावर पळतं आणि कुठल्यातरी झुडपात तडफडत मरतं.

इतकी वर्षं ते आखडलेलं अंग मी नुसतं भीतीचं चित्र म्हणून वाचत होतो. पण घाव कुठे बसणार, हे त्या काळविटाला ठाऊक आहे! कालिदासानं राजाचा नेम दाखवलाय तो हरणाच्या पाठीतून. दुसऱ्या अंकात सेनापती हलतं लक्ष्य टिपण्याची थोरवी गातो, तेव्हा ती मला पोकळ वाटते. हरणाची बाजू आधीच मांडून झालेली असते, आणि तपस्व्यांच्या शब्दावर राजानं बाण आवरलेला असतो.

३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आलं. तेव्हापासून आपल्या मनात या नाटकाची पदं राहिली, हरणं मागे पडली. चौथ्या अंकात शकुंतलेचं वस्त्र ओढणारं पाडस आठवा. दर्भानं त्याचं तोंड चिरलं, तेव्हा तिनं हिंगणबेटाचं तेल लावलं होतं. तोच दर्भ, तसंच कोवळं तोंड.

आणि सहावा अंक. पश्चात्तापानं पोळलेला राजा चित्रात काय काढायचं राहिलंय ते सांगतो: झाडाखाली काळविटाच्या शिंगावर डावा डोळा खाजवणारी हरिणी. काळवीट जरा हललं तर डोळा जाईल. पण ते हलणार नाही, अशी तिची खात्री आहे.

भाचा गप्प झाला. मग बंदूक धरल्यासारखे हात करून त्यानं डावा डोळा मिटला, आणि मिटलेल्या पापणीवरून हळूच बोट फिरवून पाहिलं.