प्रौढांचे भाषाशिक्षण आणि बक्षिसाचा प्रश्न

प्रौढांच्या भाषावर्गात छोटी बक्षिसे द्यावीत की नाहीत, या वादात बक्षिसाच्या इष्टानिष्टतेचा ऊहापोह पुष्कळ होतो; ते कशाबद्दल द्यावे याचा मात्र क्वचितच.

विरोधकांची भिस्त मानसशास्त्रातील प्रयोगांवर आहे. लेपर, ग्रीन व निस्बेट यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, चित्रे काढण्याची मूळचीच आवड असलेल्या बालवाडीतील मुलांना आधी कबूल करून प्रशस्तिपत्र दिले असता पुढे ती आवड घटलेली आढळली. अनपेक्षितपणे दिलेल्या प्रशस्तिपत्राने तसे झाले नाही. परंतु येथे आवड आधीपासून होती. कचेरीच्या कामातून उठून वर्गात बसणाऱ्या कारकुनाजवळ ती असेलच असे नाही. आणि जे नाहीच ते बक्षिसाने नष्ट कसे व्हावे?

पुरस्कर्त्यांचे उदाहरण घरचेच आहे. केंद्र सरकारच्या हिंदी शिक्षण योजनेत प्रबोध, प्रवीण व प्राज्ञ या परीक्षांतील गुणांनुसार रोख पुरस्कार मिळतात. विहित परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यास, काही अटींवर, बारा महिने एका वेतनवाढीइतके वैयक्तिक वेतनही मिळते. यामुळे माणूस परीक्षेस बसतो, हे मान्य. परंतु गुण बिनचूक उत्तराला, आणि बिनचूक राहण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे अवघड रचनेच्या वाटेस न जाणे. जॅकलिन शॅक्टर यांनी १९७४ साली दाखविले की, इंग्रजी शिकणारे चिनी व जपानी विद्यार्थी संबंधी उपवाक्यांत फारसी व अरबी भाषकांहून कमी चुका करीत. कारण ते ती उपवाक्ये वापरीतच कमी.

अमराठी प्रौढांच्या एका वर्गात प्रस्तुत लेखकाने बिनचूक वाक्यास एक पेन्सिल ठेवून पाहिली होती. (पेन्सिलीसाठी पन्नाशीचे गृहस्थ किती चुरस करतात, हे पाहण्यासारखे असते.) आठवड्याभरात 'चांगला आंबा', 'चांगली चिंच', 'चांगले केळे' ही विशेषणे वर्गातून नाहीशी झाली. उरली ती 'लाल', 'गोड' यांसारखी, लिंगानुसार न बदलणारी! चुका खरोखरच घटल्या होत्या, आणि मराठीही.

पुढे पेन्सिल ठेवली ती मंडईत जाऊन भाजीवाल्या मावशींकडून एखादा नवा शब्द विचारून आणणाऱ्यास. वाक्ये मोडकी झाली. 'चांगला चिंच' राजरोस ऐकू येऊ लागले. पण एका तमिळभाषक गृहस्थांनी 'जुडी' हा शब्द आणला आणि मेथीची जुडी, तर केळ्यांचा घड का, असे तुटक मराठीत विचारले. त्या प्रश्नावर वर्गाचा निम्मा तास गेला.

देशभरच्या परीक्षार्थींसाठी मंडई भरविता येणार नाही, हे खरे. तथापि निदान तोंडी परीक्षेत, अवघड रचना वापरू पाहताना झालेल्या चुकीस, ती रचना टाळून राखलेल्या शुद्धतेहून अधिक गुण देण्यास कोणती अडचण आहे, हे योजनेच्या पुरस्कर्त्यांनी सांगावे.