संकेतस्थळाच्या विश्लेषण साधनांची निवड : एक चिकित्सक विचार

प्रस्तावना

संकेतस्थळाच्या पहिल्या पानाच्या तळाशी अभ्यागतांची संख्या दाखवणारा गणक ही महाविद्यालयीन संकेतस्थळांची दीर्घकाळ ओळख होती. आकडा वाढत जाई आणि तो वाढतो आहे यातच समाधान मानले जाई. एकाच व्यक्तीने तेच पान पुन्हा उघडले तरी असा साधा गणक एकाने पुढे सरकतो, याचा विचार क्वचितच होई. आज त्या गणकाची जागा प्रगत विश्लेषण साधनांनी घेतली आहे. आकड्याकडे पाहण्याची दृष्टी मात्र पुष्कळ ठिकाणी तीच राहिली आहे. कोणते साधन निवडावे याची चर्चा बहुधा किंमत, सोय आणि आलेखांची आकर्षकता यांभोवती फिरते. वस्तुतः प्रत्येक साधन 'अभ्यागत' या शब्दाची स्वतःची व्याख्या घेऊन येते. म्हणून साधनाची निवड ही व्याख्येची निवड असते. ही भूमिका समोर ठेवून, महाविद्यालयांच्या, विशेषतः त्यांच्या संशोधनपत्रिकांच्या, संकेतस्थळांसंदर्भात प्रमुख साधनांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. सर्व्हरच्या नोंदींवर आधारलेली साधने

संकेतस्थळ ज्या सर्व्हरवर असते तो सर्व्हर आपल्याकडे आलेल्या प्रत्येक मागणीची नोंद एका फाइलमध्ये ठेवतो. तिलाच लॉग म्हणतात. १९९५ मधील 'ॲनालॉग' आणि त्यानंतरची 'वेबलायझर', 'एडब्ल्यूस्टॅट्स' ही साधने या नोंदी वाचून अहवाल तयार करतात. या पद्धतीत वाचकाच्या संगणकावर काहीही ठेवावे लागत नाही आणि माहिती संस्थेबाहेर जात नाही, हे तिचे मोठे बलस्थान होय.

तिच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. एका पानावर वीस चित्रे असतील तर ते पान एकदा उघडल्याने एकवीस मागण्या नोंदल्या जातात. या मागण्यांना 'हिट' म्हणतात. 'महिन्यास एक लाख हिट' हे विधान म्हणूनच वाचकांविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही. शोधयंत्रांचे आणि इतर स्वयंचलित बॉटही याच नोंदींत मिसळलेले असतात. याउलट, महाविद्यालयाच्या संगणक-प्रयोगशाळेतील सर्व यंत्रे बाहेर एकाच आयपी पत्त्याने ओळखली जात असतील, तर चाळीस विद्यार्थी एकच अभ्यागत ठरू शकतात. म्हणजे एकच नोंदवही एका अंगाने संख्या फुगवते आणि दुसऱ्या अंगाने आक्रसते.

मराठी संकेतस्थळांना आणखी एक अडचण जाणवते. पानाच्या पत्त्यात देवनागरी अक्षरे असल्यास ती सांकेतिक रूपात नोंदली जातात आणि 'म' या एका अक्षरासाठी टक्केचिन्हे, रोमन अक्षरे व अंक यांची नऊ चिन्हांची मालिका तयार होते. साधनाने तिचे पुन्हा देवनागरीत रूपांतर केले नाही, तर कोणता लेख वाचला गेला हे संपादकास अहवालावरून उमगत नाही.

२. पानात बसविलेल्या संकेतावर आधारलेली साधने

दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक पानात जावास्क्रिप्टचा लहानसा तुकडा बसविला जातो. ब्राउझरने पान उघडताच तो तुकडा साधनाच्या सर्व्हरकडे माहिती पाठवतो. गूगलने २००५ मध्ये 'अर्चिन' ही कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'गूगल ॲनालिटिक्स' विनामूल्य उपलब्ध केले. पूर्वी मोठ्या खर्चाने मिळणारे विश्लेषण त्यामुळे लहान संस्थांच्याही आवाक्यात आले, हे श्रेय त्यास द्यावेच लागेल. वाचक कोठून आला, किती पाने पाहून गेला, भ्रमणध्वनीवरून आला की संगणकावरून, हे त्यातून सहज कळू लागले.

तथापि, संशोधनपत्रिकेच्या बाबतीत या पद्धतीत एक मूलभूत उणीव आहे. पत्रिकांचे लेख बहुधा पीडीएफ स्वरूपात असतात आणि पानासाठी लिहिलेला हा तुकडा पीडीएफमध्ये चालत नाही. संकेतस्थळावरील दुव्यावर टिचकी देऊन लेख उतरवून घेतला तर ते नोंदवता येते. परंतु 'गूगल स्कॉलर'सारख्या शोधसेवेतून थेट पीडीएफवर आलेला वाचक या साधनास दिसतच नाही. ज्या पत्रिकेचा बहुसंख्य वाचक याच वाटेने येतो, ती पत्रिका अहवालात ओस पडलेली दिसेल. अशा अहवालाच्या आधारे एखाद्या विभागाची पाने कमी केली गेली, तर तो अन्याय त्या विभागाच्या लेखकांवर आणि न मोजल्या गेलेल्या वाचकांवर होईल.

सर्व्हरच्या नोंदीत पीडीएफची मागणी दिसते, हे येथे लक्षात घ्यावे. पण मोठी फाइल तुकड्यातुकड्यांनी मागवली गेल्यास एका वाचनाच्या अनेक नोंदी होतात. ग्रंथालयक्षेत्रातील 'काउंटर' ही आंतरराष्ट्रीय संहिता यासाठीच मार्गदर्शक ठरते. तिच्या पाचव्या आवृत्तीनुसार तीस सेकंदांच्या आत झालेली त्याच लेखाची पुनर्मागणी एकच धरली जाते आणि बॉटच्या मागण्या वगळल्या जातात.

दुसरा प्रश्न स्मृतीचा आहे. गूगलने आपल्या साधनाची 'युनिव्हर्सल' ही आवृत्ती १ जुलै २०२३ पासून बंद करण्यास प्रारंभ केला आणि जुलै २०२४ मध्ये जुन्या माहितीपर्यंतचा मार्गही बंद झाला. ज्या संस्थांनी आपली माहिती वेळीच उतरवून घेतली नाही, त्यांचा कित्येक वर्षांचा वाचक-इतिहास पुसला गेला. नव्या 'जीए ४' आवृत्तीत मोजण्याची रीतही बदलली. दहा सेकंदांहून अधिक टिकलेली, किंवा दोन पाने पाहिली गेलेली, किंवा एखादी महत्त्वाची ठरवलेली कृती घडलेली भेट तेथे 'गुंतलेली' समजली जाते. दहा सेकंद हा निकष विक्रीच्या पानास कदाचित पुरेल. वीस पृष्ठांच्या संशोधनलेखाच्या वाचनाची तो साक्ष देऊ शकत नाही.

३. स्वयंनियंत्रित आणि मिताक्षरी साधने

या पार्श्वभूमीवर 'माटोमो' हे मुक्तस्रोत साधन विचारात घेण्याजोगे आहे. २०१८ पूर्वी ते 'पिविक' या नावाने ओळखले जाई. ते संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येते आणि पानातील संकेताबरोबरच सर्व्हरच्या नोंदीही वाचू शकते. मात्र ते चालवण्यासाठी तांत्रिक जाण असलेली व्यक्ती आणि नियमित देखभाल लागते. 'प्लॉझिबल' हे साधन कुकी वापरत नाही आणि वाचकाची ओळख रोज पुसते; परिणामी सोमवारी आलेला वाचक मंगळवारी नवा ठरतो. ही उणीव गोपनीयतेसाठी जाणीवपूर्वक मोजलेली किंमत आहे.

मराठी वाचकास परिचित उदाहरण विकिपीडियाचे आहे. मराठी विकिपीडिया ज्या विकिमीडिया प्रतिष्ठानातर्फे चालवला जातो, ते प्रतिष्ठान वेगवेगळ्या उपकरणांची संख्या काढताना कुकीत केवळ मागील भेटीची तारीख ठेवते. वाचकास ओळखक्रमांक देत नाही. मिळालेल्या संख्येस ते 'वाचक' न म्हणता 'उपकरणे' म्हणते. नावातील हा प्रामाणिकपणा अनुकरणीय आहे.

गोपनीयतेचा प्रश्न आता कायद्याच्या कक्षेतही आला आहे. भारताचा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला. तो १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानतो आणि बालकांच्या वर्तनाचा मागोवा घेण्यावर विशेष निर्बंध घालतो. महाराष्ट्रात वरिष्ठ महाविद्यालयांस अनेकदा कनिष्ठ महाविद्यालय जोडलेले असते आणि अकरावी-बारावीचे विद्यार्थी बहुधा याच वयाचे असतात. शैक्षणिक संस्थांना काही बाबतींत सवलती असल्या, तरी कोणती माहिती कोणाकडे जाते हे संस्थेस ठाऊक असलेच पाहिजे.

४. वाचकसंख्येच्या वाढीचा प्रश्न

विश्लेषण साधने आलेल्यांची गणना करतात. जे येऊच शकले नाहीत त्यांचा पत्ता त्यांना नसतो. युनिकोडपूर्व टंकांत सिद्ध झालेले कितीतरी मराठी लेखन शोधयंत्रास मराठी म्हणून वाचताच येत नाही. केवळ चित्ररूपात स्कॅन केलेल्या पृष्ठांचीही अवस्था फारशी वेगळी नाही. अशा पत्रिकेने कितीही महागडे साधन बसविले तरी वाचक वाढणार नाहीत. लेख युनिकोडमध्ये आणणे आणि प्रत्येक लेखास शीर्षक व सारांशाचे स्वतंत्र पान देणे हाच तेथे उपाय आहे. 'गूगल सर्च कन्सोल' वाचक कोणते शब्द शोधून आले, हे दाखवते. मराठी विषय रोमन लिपीत किती शोधला जातो याचाही अंदाज त्यातून येतो. वाढीच्या दृष्टीने ही माहिती एकूण संख्येपेक्षा अधिक उपयुक्त ठरते.

ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या नियमाचा आशय असा, की मापनाचे साधनच उद्दिष्ट बनले की ते चांगले माप राहत नाही. मूल्यांकनासाठी आकडा वाढवायचा असे ठरले की एक लेख पाच पानांत तोडला जातो, पृष्ठदर्शने वाढतात आणि वाचन मात्र खंडित होते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल, की कोणतेही एक साधन सर्वांस योग्य नाही. संस्थेने प्रथम आपला प्रश्न निश्चित करावा. लेख किती वाचले जातात हा प्रश्न असेल तर बॉट आणि पुनर्मागण्या वगळून काढलेला सर्व्हर-नोंदींचा अहवाल आवश्यक आहे. वाचक कोणत्या वाटेने येतात हे हवे असेल तर पानातील संकेत आणि सर्च कन्सोल उपयोगी पडतात. माहितीवर स्वतःचा अधिकार हवा असेल तर स्वयंनियंत्रित साधनाचा भार उचलावा लागतो. साधन कोणतेही असो, दरवर्षीची माहिती उतरवून जतन करावी आणि वार्षिक अहवालात आकड्याबरोबर त्याची व्याख्याही छापावी. आकडा त्यामुळे कदाचित लहान होईल. पण लेखकाला आपले लेखन खरोखर किती जणांपर्यंत पोहोचले, याचे विश्वासार्ह उत्तर मिळेल.