इंग्रजी शब्दसंपदेचे अध्यापन आणि मराठी क्रियापदांची साक्ष : एक चिकित्सा

प्रस्तावना

सन २००० पासून महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी विषय शिकविला जाऊ लागला. त्यानंतर महाविद्यालयात आलेल्या विद्यार्थ्यांचा इंग्रजीशी परिचय पूर्वीच्या पिढ्यांहून दीर्घ आहे. तरीही एक विसंगती वारंवार नजरेस येते. 'प्रोक्रॅस्टिनेट' या शब्दाचा अर्थ बिनचूक सांगणारा विद्यार्थी 'पुट ऑफ' या दोन सोप्या शब्दांपाशी अडखळतो. मुलाखतीच्या सरावात एका विद्यार्थ्यास परीक्षकांनी 'वुई विल गेट बॅक टू यू' असे सांगितले, तेव्हा त्याने नम्रपणे, आपण केव्हा परत यावे, असे विचारले. त्या वाक्यातील प्रत्येक शब्द त्याच्या ओळखीचा होता. अर्थ मात्र त्याच्या हाती लागला नाही. प्रगत शब्दसंपदा म्हणजे केवळ अवघड शब्दांचा साठा, ही समजूत या विसंगतीच्या मुळाशी आहे काय, याची चिकित्सा करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

शब्दसूचीची परंपरा

स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांच्या टेबलावर हमखास आढळणारे पुस्तक म्हणजे नॉर्मन लुईस यांचे 'वर्ड पॉवर मेड ईझी' (१९४९). ग्रीक व लॅटिन धातूंच्या आधारे शब्दकुळे उलगडून दाखविणे ही या पुस्तकाची पद्धती. 'अँथ्रोपॉस' म्हणजे मनुष्य हे एकदा समजले की 'मिसँथ्रोप', 'फिलँथ्रॉपिस्ट' आणि 'अँथ्रॉपॉलॉजी' हे तिन्ही शब्द एका सूत्रात ओवले जातात. शब्दाला कूळ असते व कूळ कळले की अर्थ पाठ करावा लागत नाही, हा या पुस्तकाचा धडा मोलाचा आहे.

दोष पुस्तकाचा नसून आपण त्याचा जो उपयोग करतो त्याचा आहे. पहिली गोष्ट अशी, की बहुसंख्य वाचक त्यातील धातुविचार वगळून केवळ शब्दांची यादी उतरवून घेतात. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. जी चिकित्सक दृष्टी आपण लॅटिन शब्दांना लावतो, ती इंग्रजीच्या घरगुती शब्दांना लावीत नाही. 'पोस्टपोन' या शब्दात 'पोस्ट' म्हणजे नंतर आणि 'पोनेरे' म्हणजे ठेवणे हे आपण आवर्जून सांगतो. परंतु 'पुट ऑफ' मध्येही ठेवणे व दूर हेच दोन घटक आहेत, याकडे लक्ष वेधीत नाही. 'पोस्टपोन' ला व्युत्पत्ती मिळते आणि 'पुट ऑफ' ला फक्त पाठांतर.

क्रियापदापुढे लहानसे अव्यय जोडून अर्थ पालटण्याची ही इंग्रजीची रीत परकीयांना विशेष कठीण जाते, हे सॅम्युअल जॉन्सन यांनी आपल्या १७५५ च्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच नोंदविले होते. 'फ्रेजल व्हर्ब' ही संज्ञा रूढ झाली ती पुढे लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या 'वर्ड्स अँड इडियम्स' (१९२५) या ग्रंथामुळे. बाजारातील मार्गदर्शिका मात्र आजही 'गिव्ह अप', 'गिव्ह इन', 'गिव्ह अवे' अशी वर्णानुक्रमी जंत्री देऊन थांबतात.

मराठीची साक्ष

या रचना मराठी विद्यार्थ्याला खरोखरच परक्या आहेत काय? मो. के. दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त (१९११) संयुक्त क्रियापदांची चर्चा आहे आणि शालेय व्याकरणातही हा विषय येतो. 'त्याने आंबा खाऊन टाकला' या वाक्यात कोणीही काही फेकलेले नसते. 'टाकणे' हे क्रियापद आपला मूळ अर्थ सोडून क्रियेच्या पूर्णतेचा बोध करून देते. इंग्रजीतील 'ईट अप' मध्ये 'अप' हेच कार्य करतो; तेथे वर जाण्याचा काही संबंध उरलेला नसतो. 'शोधून काढणे' आणि 'फाइंड आउट' यांतील साम्य तर अधिकच बोलके आहे. दोन्ही भाषांनी दडलेले ज्ञान बाहेर आणण्याची एकच कल्पना योजिली आहे, मराठीने क्रियापदातून आणि इंग्रजीने अव्ययातून.

दुसरा गट स्थलवाचक अव्ययांचा आहे. 'शब्द मागे घेणे', 'अभ्यासात मागे पडणे', 'बैठक पुढे ढकलणे' या प्रयोगांशेजारी 'टेक बॅक', 'फॉल बिहाइंड' आणि 'पुट ऑफ' ठेवून पाहावेत. 'पुढे ढकलणे' हा प्रयोग सहज करणाऱ्या विद्यार्थ्यास 'पुट ऑफ' चे तत्त्व अज्ञात आहे, असे म्हणता येत नाही. ते त्याच्या लक्षात आणून दिले गेले नाही, एवढेच.

तिसरे साम्य भाषेच्या स्तराचे आहे. 'टॉलरेट' आणि 'पुट अप विथ' यांतील अंतर मराठीत 'सहन करणे' आणि 'खपवून घेणे' यांत दिसते. 'सरेंडर' व 'गिव्ह इन' यांशेजारी 'शरणागती पत्करणे' व 'नमते घेणे' हे प्रयोग ठेवता येतात. इंग्रजीत लॅटिन कुळातील शब्द जी औपचारिक जागा घेतात, तीच मराठीत बहुधा संस्कृत तत्सम शब्द घेतात. घरी 'अन्वेषण' न म्हणता 'चौकशी' म्हणावे हे ज्याला शिकवावे लागत नाही, त्याला मित्राच्या पत्रात 'इन्व्हेस्टिगेट' ऐवजी 'लुक इंटू' का शोभते, हे पटवून देणे अवघड नाही.

तुलनेच्या मर्यादा

ही तुलना ताणून धरणे मात्र घातक ठरेल. इंग्रजीत 'पुट ऑफ' सारख्या क्रियापदाचे कर्म सर्वनाम असेल तर ते मध्ये येते : 'पुट इट ऑफ' हे शुद्ध, 'पुट ऑफ इट' हे अशुद्ध. मराठीची साक्ष येथे उपयोगी पडत नाही. ही रचना वाक्यांच्या सरावानेच अंगवळणी पडते. 'पुट अप विथ' सारख्या प्रयोगात घटकांवरून अर्थ लावणे जवळजवळ अशक्य आहे. शिवाय 'टेक ऑफ' चा अर्थ विमानाच्या संदर्भात एक आणि कोटाच्या संदर्भात दुसरा होतो. म्हणूनच प्रत्यक्ष वापरातील मजकुराच्या संग्रहावर आधारलेले कोश महत्त्वाचे ठरतात. कोबिल्डच्या १९८९ च्या फ्रेजल व्हर्ब कोशाने अव्ययांची स्वतंत्र सूची देऊन त्यांच्या अर्थांतील सुसंगती दाखविली. आपल्या मार्गदर्शिकांनी ती दृष्टी अद्याप पुरेशी आत्मसात केलेली नाही.

वाक्प्रचारांच्या बाबतीतही हाच विवेक हवा. 'गेट आउट ऑफ हँड' आणि 'हाताबाहेर जाणे' यांत प्रतिमा एकच आहे. 'टर्न अ ब्लाइंड आय' मध्ये इंग्रज केवळ डोळा फिरवितो, तर आपण 'कानाडोळा' करताना कानालाही सोबत घेतो. परंतु 'कॅरी कोल्स टू न्यूकॅसल' समजण्यासाठी न्यूकॅसल हे कोळशाच्या व्यापाराचे बंदर होते, हे ठाऊक असावे लागते. प्रतिमा समान, प्रतिमा भिन्न आणि प्रतिमा इतिहासबद्ध असे हे तीन प्रकार एकाच यादीत कोंबणे अशास्त्रीय आहे. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्स' हा आज फारसा न वापरला जाणारा प्रयोग आपल्या यादीत अग्रभागी असतो, यावरून या याद्या वापराकडे पाहून नव्हे, तर जुन्या याद्यांवरून तयार होतात, असे म्हणावे लागते.

समारोप

'तर्खडकर भाषांतर पाठमाले'वर इंग्रजी शिकलेल्या पिढ्यांना मराठीच्या आधाराने शिकण्यात कमीपणा वाटला नाही. त्या पद्धतीत उणिवा होत्या. बोलण्याचा सराव तीत अल्प होता. परंतु तिच्यावर टीका करताना आपण वर्गातून मराठीलाच हद्दपार केले आणि तिच्या जागी अर्थासह पाठ करावयाची यादी आणून ठेवली. त्याची किंमत मोजतो तो मराठी माध्यमाचा विद्यार्थी. आपल्याजवळ काहीच नाही, सारे बाहेरून भरावयाचे आहे, अशी त्याची धारणा होते, आणि इंग्रजीच्या भीतीचा उगम बऱ्याच अंशी या धारणेत आहे.

म्हणून फ्रेजल व्हर्ब व वाक्प्रचार अव्ययानुसार व प्रतिमेनुसार गटवार शिकवावेत, त्यांशेजारी मराठीचा सजीव प्रयोग ठेवावा, आणि जेथे साम्य संपते ती जागा स्पष्टपणे दाखवून तेथे सराव द्यावा, असे सुचवावेसे वाटते. 'गेट बॅक टू यू' म्हणजे 'आम्ही कळवतो', एवढे त्या विद्यार्थ्यास सांगितले असते तर पुरे होते. त्यातील होकार-नकाराची संदिग्धता ओळखण्याइतके शहाणपण त्याच्या मायबोलीने त्याला आधीच दिलेले होते.