प्रोषितभर्तृका आणि कागदपत्रें : एका आफ्रिकी कादंबरीचें परीक्षण

आपल्या साहित्यशास्त्रकारांनीं प्रोषितभर्तृकेस नायिकाभेदांत स्थान दिलें; परंतु तिचा पति कोणत्या कायद्यामुळें घराबाहेर राहिला, हें पाहण्याचा प्रसंग त्यांस आला नाहीं. दक्षिण आफ्रिकेंतील वर्णभेदाच्या राजवटींत हा प्रश्न टाळतां येत नाहीं. तेथील खाणींस पुरुषाचे श्रम हवे होते, त्याचें कुटुंब नको होतें. काळ्या माणसानें शहरांत राहावें कीं नाहीं, हें पासाच्या कायद्यानें ठरे. १९८६ सालीं ते कायदे रद्द होईपर्यंत असंख्य स्त्रिया मागें गांवींच राहिल्या. मजुराचें नांव खाणीच्या दप्तरांत सांपडतें. त्याची वाट पाहणारीचें नांव कोण लिहून ठेवणार?

न्जाबुलो न्डेबेले यांची 'द क्राय ऑफ विनी मंडेला' (२००३) ही कादंबरी ह्याच कोऱ्या पानावर लिहिली आहे. तींत चार स्त्रिया आहेत. एकीचा पति लेसोथोहून खाणीवर गेला, दुसरीचा वैद्यकी शिकण्यास परदेशीं, तिसरीचा राजकारणापायीं परागंदा झाला. चौथीचा घरींच होता, पण बाहेरख्याली. म्हणून तीहि वाट पाहणारीच. ही चौथी आम्हांस सर्वांत सरस वाटली, कारण तिच्या दुःखाचें सर्व खापर सरकारवर फोडण्याची सोय लेखकानें ठेविली नाहीं. ह्या चौघी एकत्र बसून विनी मंडेला यांच्याशीं मनानें बोलतात, आणि शेवटीं होमराची पेनेलपीहि त्यांच्या वाटेवर भेटते.

आमचा आक्षेप विनीबाईंच्या चित्रणाविषयीं आहे. विवाह १९५८ सालीं झाला. पति १९६२ सालीं कैदेंत पडले ते १९९० सालीं सुटले. १९९६ सालीं घटस्फोट झाला. एवढ्यावरून त्यांस पेनेलपीच्या पंक्तीस बसविणें सोपें आहे. परंतु १९६९ च्या मे महिन्यांत त्यांस स्वतःसच पकडण्यांत आलें. त्या कैदेंत त्यांनीं लिहिलेलीं टिपणें त्यांच्या एका वकिलाच्या संग्रहीं पडून होतीं. वकिलाच्या विधवा पत्नीनें तीं ४१ वर्षांनीं परत केलीं आणि २०१३ सालीं '४९१ डेज' ह्या नांवानें छापलीं गेलीं. म्हणजे ते ४९१ दिवस विनीबाई वाट पाहत नव्हत्या. बाहेर दोन लहान मुली त्यांचीच वाट पाहत होत्या. कादंबरींत कैदेचा व छळाचा उल्लेख आहे, हें खरें. तथापि सगळा सांगाडा प्रतीक्षेचा असल्यामुळें कैदी स्त्री पत्नीच्या आड जाते.

न्डेबेले यांस ह्याचा दोष देतां येत नाहीं. २००३ सालीं हीं टिपणें छापलेलीं नव्हतीं. नेल्सन मंडेला यांनीं रॉबेन बेटावर आपल्या पत्रांच्या नकला ज्या दोन वह्यांत उतरून ठेविल्या होत्या, त्याहि १९७१ सालीं तुरुंगवाल्यांनीं उचलल्या होत्या. एका माजी पोलिसानें त्या परत दिल्या तें साल २००४. अस्सल कागद हातीं येण्यापूर्वीं लिहिलेल्या बखरीची जी स्थिति होते, तीच ह्या भागाची झाली आहे. अशा बखरी आपण टाकून देत नाहीं, कागदाशीं ताडून वाचतों. इतर चौघींच्या बाबतींत मात्र ताडण्यास कांहींच नाहीं. तसल्या बायकांचीं टिपणें कोणा वकिलानें जपलीं नाहींत. म्हणून कादंबरीचा तेवढा भाग, कल्पित असूनहि, आम्ही अधिक काळजीनें वाचला.