भिंतीकडेचा मानकरी

काही फर्निचर बसण्यासाठी असतं, काही झोपण्यासाठी असतं आणि काही नुसतं असण्यासाठी असतं. साइडबोर्ड या तिसऱ्या जातीतला. खुर्ची मोडली तर घरात बोंब होते, खाट करकरली तर शेजाऱ्यांनाही कळतं. पण साइडबोर्ड नाहीसा झाला तर पहिले दोन दिवस किल्ल्यांचा जुडगा कुठे ठेवायचा, एवढाच प्रश्न पडेल. तरीही नवा फ्लॅट घेतला की डायनिंग टेबलामागून तो येतोच, नवरीमागून पाठराखीण यावी तसा. नाटकाची समीक्षा होते, पुस्तकाची होते. मग ज्याच्या साक्षीनं आपण रोज दोनदा जेवतो, त्याचीच का होऊ नये?

मुळात हा मानकरी आपल्या मातीतला नव्हे. आपल्या पंगतीत जेवणारा जागचा हलत नाही आणि अन्न त्याच्याकडे चालत येतं. भात आला, वरण आलं, मागून तुपाची तामली आली. वाढपी हाच आपला चालता-बोलता साइडबोर्ड! सामान ठेवायला भिंतीत फडताळ, भांड्यांना मांडणी आणि मांजरापासून दूध वाचवायला शिंकं. साहेबाची पद्धत निराळी. त्याचं जेवण एकामागून एक ताटलीनं येणार, मधल्या वेळात पुढचा पदार्थ आणि दारू कुठंतरी ताटकळत उभी राहणार. त्या 'कुठंतरी'चं नाव साइडबोर्ड.

अठराव्या शतकापर्यंत ते नुसतं भिंतीला लावलेलं टेबल होतं. मग 1760 नंतरच्या काळात रॉबर्ट अ‍ॅडम या वास्तुकारानं त्याच्या दोन्ही बाजूंना जयविजयासारखे दोन चौथरे उभे केले आणि त्यांवर कलश ठेवले. कलश शोभेचे नव्हेत हं, त्यांत पाणी असायचं. एखाद्या चौथऱ्याच्या पोटात पत्रा लावून ताटल्या गरम ठेवायची सोय असे. पुढे जॉर्ज हेपलव्हाइट या सुताराचं नमुन्यांचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर 1788 मध्ये त्याच्या बायकोनं, अ‍ॅलिसनं, छापून काढलं. (नवऱ्याची कामं बायकोनं निस्तरण्याची प्रथा सार्वत्रिक दिसते.) या काळात टेबल आणि चौथरे एकजीव झाले. एका खणात बाटल्यांसाठी कप्पे, दुसऱ्यात चांदीच्या चमच्यांसाठी हिरवं मऊ कापड, आणि पेले विसळायला शिसं लावलेला कप्पा. खालती सडसडीत पाय.

आणखी एक सोय होती, ती जेवताना वाचू नये. 1784 साली इंग्लंड पाहायला आलेल्या फ्रांस्वा द ला रोशफूको या फ्रेंच तरुणानं ती लिहून ठेवली आहे. जेवण आटोपून बायका दिवाणखान्यात गेल्या की पुरुष मद्य घेत बसत. आणि लघुशंकेसाठी खोली सोडण्याचा त्रास नको म्हणून लागणारं भांडं साइडबोर्डातच ठेवलेलं असे! आपण ज्या वस्तूला सुसंस्कृत घराची खूण समजतो, तिच्या पोटात हेही होतं. पण समीक्षक म्हणून एवढं कबूल करायला हवं, की त्या काळच्या साइडबोर्डाचा एकही कप्पा रिकामटेकडा नव्हता.

रिकामटेकडेपणा आला व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात. साइडबोर्डाला आरसे फुटले, नक्षीची शिंगं फुटली आणि तो छताला भिडू लागला. लंडनच्या 1851 च्या महाप्रदर्शनात 'केनिलवर्थ बफे' नावाचं असं एक धूड मांडलं होतं. एलिझाबेथ राणीनं 1575 मध्ये केनिलवर्थच्या किल्ल्याला दिलेली भेट त्यावर ओकच्या लाकडात कोरलेली. कारागिरी थोर, वादच नाही. पण त्या राजेशाही मिरवणुकीच्या कडेला लोणच्याची बरणी ठेवण्याचा धीर कुणाला होणार? एडवर्ड गॉडविन नावाच्या वास्तुकारानं 1867 मध्ये त्यावर उतारा काढला. नुसत्या उभ्या-आडव्या काळ्या पट्ट्यांचा, जपानी वळणाचा साइडबोर्ड. नक्षी नाही म्हणजे धूळ बसायला जागा नाही. तो आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे, आणि माझ्या मते या घराण्यातला पहिला शहाणा पुरुष तोच.

साहेबाबरोबर ही वस्तू इकडे आली ती पारशांच्या घरांत, गोव्याच्या जुन्या ख्रिस्ती वाड्यांत आणि मुंबईच्या शिसवी नक्षीकामात स्थिरावली. आजही चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर एखादा वृद्ध साइडबोर्ड भेटतो, पितळी कडी एका कानाची गेलेली, पण ताठ. त्याची उंची साधारण तीन फूट, म्हणजे उभ्यानं आमटी ओतायला नेमकी. दोष एकच. तो ज्या घरासाठी जन्मला त्या घरात चार नोकर होते आणि आपल्या घरात सकाळी येणाऱ्या एकच बाई आहेत, त्याही त्याला पाहून पगार वाढवून मागतात.

नवा साइडबोर्ड डेन्मार्कचा. 1950-60 च्या सुमाराचा लांबलचक, बुटका, सरकत्या दारांचा. लाकूड कुठलं, तर सागवान, सयाम आणि ब्रह्मदेशातून नेलेलं. म्हणजे तिकडे डॅनिश सुतार सागाचे रेषे कुरवाळत होते आणि इकडे आपण सागाच्या देशात प्लायवुडवर सनमायका चिकटवत होतो! आता पाश्चात्त्य बाजारात जुन्या महोगनीचा भाव उतरलाय आणि या बुटक्याचा चढलाय. दिसायला देखणा, शंका नाही. पण वाढायला वाकावं लागतं. ज्यानं त्याची स्तुती लिहिली, त्यानं त्यावरून बारा माणसांना वाढलेलं नसावं. शिवाय पावसाळ्यात सरकतं दार फुगलं की ते सरकत नाही, रुसतं.

या दोघांचं आपल्याकडचं अपत्य म्हणजे 'क्रॉकरी युनिट'. समोर काच, आत दिवा, दाराला कुलूप. साइडबोर्ड जन्मला जेवण वाढण्यासाठी. याचा जन्म जेवणाची भांडी जेवणापासून वाचवण्यासाठी. आमच्या नात्यातल्या एका मावशींच्या युनिटमध्ये निळ्या फुलांचा टी-सेट होता. चांगली माणसं आली की काढायचा, असं त्या म्हणत. आम्ही भाचरं कान तुटलेल्या कपातून चहा पीत त्या निळ्या फुलांकडे बघायचो. मावशी स्वतः तर स्टीलच्या पेल्यातूनच घ्यायच्या. त्या गेल्यावर कुलूप उघडलं, तेव्हा बशांच्या मधले कागद तसेच होते. चाळीस वर्षं त्या घरात जेवून उठलेल्या शेकडो माणसांत एकही चांगलं माणूस निघालं नव्हतं, आणि मावशींनी त्यात स्वतःलाही धरलं नव्हतं. त्या दिवशी कुणी काही बोललं नाही. धाकट्या भाचीनं कप विसळले आणि सगळ्यांना त्यातून चहा दिला.

तेव्हा जुना घ्यावा की नवा, या वादात मी पडत नाही. मात्र साइडबोर्ड घ्यायला जाताना सोबत तीन वस्तू न्याव्यात. एक जेवणाचं ताट: ते वर ठेवून कमरेत न वाकता वाढता येतं का पाहावं. दुसरी केरसुणी: ती खालून आरपार जाते का पाहावं, या परीक्षेत हेपलव्हाइटचे सडसडीत पाय आणि डॅनिश बुटका दोघंही पास होतात, आरसेवाला धिप्पाड नापास. आणि तिसरी घरची बाई, कारण शेवटी वाकणार तीच. दुकानदार हसेल, हसू द्यावं. सौदा ठरल्यावर तो किल्ली हातात ठेवील. ती तेवढी त्याला परत करावी.