एबोला-अहवाल : एक परीक्षण

पश्चिम आफ्रिकेंतील एबोलाच्या साथीसंबंधानें जागतिक आरोग्य संघटनेनें नेमलेल्या स्वतंत्र समितीचा, बार्बरा स्टॉकिंग यांच्या अध्यक्षतेखालीं सिद्ध झालेला, जुलै २०१५ चा अहवाल येथें परीक्षणास घेतला आहे. कागदाची परीक्षा आधीं मित्यांवरून करावी, हा संशोधकांचा परिपाठ येथेंही उपयोगीं पडतो. गिनी देशांत रोग उद्भवला डिसेंबर २०१३ मध्यें. संघटनेनें साथ प्रसिद्ध केली २३ मार्च २०१४ रोजीं. आंतरराष्ट्रीय आणीबाणी पुकारली ८ ऑगस्ट रोजीं. साथ सरेपर्यंत ११,३०० हून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं.

या विलंबाचा दोष समिती आपणांस नेमणाऱ्या संघटनेच्याच पदरीं घालते, हा अहवालाचा मोठा गुण होय. वर्दी देणाऱ्या देशाशीं इतर देश व्यापार व दळणवळण तोडतात, म्हणून सरकारें वर्दी देण्यास कचरतात, हेंही तिनें नेमकें हेरलें आहे. परंतु अशा देशास विम्यासारखें साह्य मिळावें, ही सूचना ओझरती आहे. त्याचा भार कोणीं उचलावा, याचा निर्णय अहवालांत नाहीं. आमच्या मतें हेंच त्याचें मुख्य न्यून.

दहा कोटी डॉलरांच्या राखीव निधीची सूचना अहवालांत आहे; असा निधि २०१५ मध्येंच स्थापन झाला. आणीबाणीच्या अलीकडे इशाऱ्याची मधली पायरी असावी, ही सूचना मात्र मागें पडली. २०२४ च्या दुरुस्तीनें नियमांत पायरी वाढली, ती वरची, ‘महामारी आणीबाणी’ची. पुढील साथीच्या कागदांतील मित्या या अहवालाशीं ताडून पाहाव्या, म्हणजे सुधारणा किती झाली तें कळेल.