पेशव्यांचा चेहरा कोणाच्या हातचा?

सवाई माधवराव पेशवे किंवा नाना फडणवीस म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जो चेहरा येतो, त्याचा माग काढत गेलात तर बहुधा एका स्कॉटिश माणसापाशी पोचाल. त्याचं नाव जेम्स वेल्स. पीटरहेडचा हा पोर्ट्रेट-चित्रकार १७९१ मध्ये मुंबईत उतरला आणि पुढच्या वर्षी पुण्याला आला. पेशव्यांच्या दरबारातला ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट चार्ल्स मॅलेट हा त्याचा आश्रयदाता. पेशवे, नाना, महादजी शिंदे अशा बड्या मंडळींची चित्रं वेल्सने केली. त्यातलं पेशवे आणि नानांचं मोठं तैलचित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे.

ते फोनवर उघडा आणि मग पुढे वाचा.

चित्र १७९२ चं. पेशव्यांचं वय अठरा, नानांचं पन्नास. गादीचा मान पेशव्यांचा, दागिन्यांचा भारही त्यांच्याच अंगावर. नाना शेजारी, त्या मानाने साधे. मागे सेवक. राज्य कोण चालवतंय हे पुण्यात सगळ्यांना माहीत होतं, तरी चित्रात कुणाची पायरी चुकलेली नाही. कुणी बसायचं, कुणी उभं राहायचं, कुणी किती नटायचं, हे दरबारी रीतीने ठरलेलं दिसतं. चेहऱ्यांवरची सावली, गालाचं मांस, वयाच्या खुणा मात्र वेल्सच्या शिक्षणातून आल्यात. आपल्याकडच्या दरबारी चित्रांत मानाचा चेहरा बहुतेकदा एकचश्म, म्हणजे पूर्ण बाजूने काढलेला असे आणि त्यावर सावली पडू देत नसत. इथे पडलीये. नानांचा लांबट, थकलेला चेहरा आपल्या लक्षात राहतो तो त्या सावलीमुळेच.

अशा चित्राबद्दल आपल्याकडे दोन ठरलेली वाक्यं आहेत. एक म्हणजे, ‘बघा, आपले पेशवे लंडनमध्ये!’ आणि दुसरं, सेमिनारमध्ये म्हणायचं, ‘ही वसाहतवादी नजर.’ मला दोन्ही अपुरी वाटतात. पहिलं वाक्य चित्र कोणी आणि का काढून घेतलं हे विचारतच नाही. दुसरं असं धरून चालतं की समोर बसलेल्या माणसांना काही कळतच नव्हतं. १७९२ मध्ये मराठे हरलेले नव्हते. टिपूविरुद्धच्या युद्धात ते कंपनीचे बरोबरीचे भागीदार होते. नानांसारखा सावध माणूस परक्या चित्रकारापुढे बसला, तर आपण कसे दिसणार याचा विचार त्यानेही केलाच असणार.

आता दुसरं चित्र बघा. टिपूविरुद्धचा तह १७९० मध्ये झाला. त्या दरबाराचं भव्य चित्र मॅलेटला हवं होतं. वेल्सने त्यासाठी अभ्यासचित्रं केली, पण ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव शनिवारवाड्यात वरून पडून गेले आणि नोव्हेंबरमध्ये वेल्सही वारला. काम थॉमस डॅनियलकडे गेलं. त्याने इंग्लंडमध्ये ते १८०५ ला पूर्ण केलं. ते आता टेट संग्रहात आहे. म्हणजे ज्या दरबाराकडे आपण डोळ्यांदेखतचा पुरावा म्हणून बघतो, त्या दरबारात दोघांपैकी एकही चित्रकार हजर नव्हता. तह झाला तेव्हा वेल्सने मुंबईही पाहिली नव्हती. चित्र सुंदर आहे, गर्दी नेटकी रचलीये. पण त्यात दिसतो तो मॅलेटला आपल्या कारकिर्दीचा जसा आठवायचा होता तसा क्षण.

या कथेत ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला, तो माणूस अजून आलेलाच नाही. गंगाराम चिंतामण तांबट. वेल्स येण्याआधीच तो मॅलेटसाठी चित्रं काढत होता. नोव्हेंबर १७९० मध्ये त्याने पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला. ते चित्र अमेरिकेत येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्टमध्ये आहे. गेंड्याच्या कातडीच्या घड्या त्याने ज्या शांतपणे बघितल्यात, तो शांतपणा मला वेल्सच्या रेशमापेक्षा मोठा वाटतो. वेरूळची लेणीही त्याने रेखाटली. मॅलेटने वेरूळवर एशियाटिक सोसायटीला जो लेख धाडला, त्यासोबतची चित्रं गंगारामची. पुढे १८०३ मध्ये डॅनियलने वेरूळच्या चित्रांचं देखणं पुस्तक काढलं. त्याच्या शीर्षकपानावर वेल्सचं नाव आहे, डॅनियलचं आहे. गंगारामचं नाही.

मॅलेटच्या घरातही हाच हिशोब दिसतो. त्याच्या पुण्यातल्या संसारातल्या अंबर कौर यांचं चित्र वेल्सने काढलं. मॅलेट इंग्लंडला परतला आणि १७९९ मध्ये त्याने लग्न केलं ते वेल्सच्या मुलीशी, सुझॅनाशी. वेल्सचे कागद कुटुंबाने जपले. त्याची रोजनिशी आज आपल्याला वाचता येते. गंगाराम मात्र त्याच्या चित्रांतून आणि इतरांनी त्याच्याबद्दल केलेल्या नोंदींतूनच भेटतो.

म्हणून ‘दोन संस्कृतींमध्ये काम करणारा चित्रकार’ ही उपाधी आपण सवयीने वेल्सला देतो, ती मला खटकते. तो जहाजाने आला, चारेक वर्षं राहिला आणि पीटरहेडहून आणलेल्या पद्धतीनेच शेवटपर्यंत रंगवत राहिला. गंगारामने गाव सोडलं नाही, पण हात बदलला. वेरूळचं कोरीवकाम परक्या वाचकाला कळेल अशा रेषेत मांडायचं तर आधी ती रेष शिकावी लागते. आपल्याला येतं त्यातलं काय ठेवायचं, काय सोडायचं हेही ठरवावं लागतं. हा प्रवास कुठल्याच पासपोर्टवर उमटत नाही.

मी हे दुबईत डिस्कव्हरी गार्डन्समध्ये बसून लिहितेय. इथल्या इमारतींच्या गटांना मोगल, झेन, मेडिटेरेनियन, मेसोअमेरिकन अशी नावं आहेत. कमानी आणि झाडं बदलतात, आतली घरं थोड्याफार फरकाने सारखीच. आपल्यापैकी बऱ्याच जणांचं परदेशातलं ‘दोन संस्कृतींत जगणं’ही असंच असतं. राग मानू नका, माझंही तसंच आहे. पाटी बदलते, पण हात बदलतोच असं नाही. दरम्यान गावी राहिलेली बहीण किंवा काका व्हिडिओ कॉलवर आपल्याशी बोलायची नवी भाषा शिकतात, आपल्या घड्याळाप्रमाणे जागतात, नातवंडांच्या इंग्रजीला मराठीत जागा करून देतात. त्या कष्टाला आपण स्थलांतर म्हणत नाही. आपल्या कष्टाला म्हणतो, आणि त्यावर निबंधही लिहितो.

लंडनला गेलात तर वेल्सचं चित्र जरूर बघा, ते बघण्यासारखंच आहे. पण त्याआधी गंगारामचा गेंडा शोधा. संग्रहाच्या वेबसाइटवर सापडेल. आणि त्याचं चित्र शेअर करताना खाली नाव पूर्ण लिहा: गंगाराम चिंतामण तांबट, पुणे, १७९०.